खड्यांतली अंडी आणि तळ्याचा राखणदार

माळ जिथे संपतो आणि झाडी सुरू होते, तिथे एक तळे होते. त्या तळ्याच्या काठच्या खड्यांमध्ये एका टिटवीने अंडी घातली होती. टिटवीच्या घरट्यात, मुलांनो, घरटे म्हणावे असे काही नसतेच. जमिनीत थोडासा खळगा, भोवती खडे, आणि अंडीही अशी खड्यांच्याच रंगाची की शेजारी उभे राहिले तरी दिसू नयेत. उन्हाळा कडक होता. टिटवी सारखी पाण्यात जाई, पोटाची पिसे भिजवी आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसे, म्हणजे ती उन्हाने भाजत नसत. तिची ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे ती सतत घाबरलेली असे, आणि आपण उगाचच जास्त घाबरतो की काय, याचीही तिला वेगळी काळजी असे.

त्या तळ्याला एक राखणदार असे. कोणी केव्हा पाणी प्यायचे, कोणी कुठे फिरायचे, हे तो ठरवी. सूर्य मावळायच्या आत लहान जनावरांनी आणि पाखरांनी पाणी पिऊन घ्यायचे. तोवर दातवाल्यांनी बाभळींच्या पलीकडे थांबायचे. खड्यांच्या पट्ट्यावर तर दातवाल्याने पाऊलच टाकायचे नाही. हे नियम खुरवाल्यांनी पूर्वी कधीतरी घालून दिले होते, आणि टिटव्यांची पिल्ले जगत होती ती या नियमांच्याच आधारावर.

राखणदार निवडायची रीत साधी होती. ठरलेल्या सकाळी दोघे उमेदवार समोरासमोरच्या दोन काठांवर उभे राहत. ज्याला जो हवा, त्याने त्याच्या काठावर जाऊन पाणी प्यायचे. तळ्यातले म्हातारे कासव पाण्याला लागलेली तोंडे मोजी. सांबराचे तोंड मोठे म्हणून ते दोन धरायचे नाही, आणि सशाचे लहान म्हणून अर्धे धरायचे नाही. जो आलाच नाही तो त्या दिवशी तहानलेला राही, आणि त्याचे तोंड कुणाच्याच बाजूला मोजले जात नसे.

यंदा खुरवाल्यांकडून एक भारदस्त सांबर उभा होता. त्याच्यासमोर लांडगा होता. लांडग्याने काही लपवले नव्हते. "ज्याच्यात जोर त्याचं पाणी," तो सगळ्यांदेखत सांगे. "पाळ्याबिळ्या बंद. आणि खड्यांचा पट्टा सगळ्यांना मोकळा."

सांबराचा सल्लागार होता एक वानर. तो उंबराच्या शेंड्यावर बसे आणि तिथून त्याला फार लांबचे दिसे. पार टेकडीवरची कोल्ह्यांची वस्तीसुद्धा. "कोल्हे यंदा लांडग्यावर नाराज आहेत," वानराने सांगितले. "शिकारीनंतर तो त्यांच्यासाठी नुसती हाडं ठेवतो. ते फुटतील. आपण सगळा जोर तिकडे लावायचा."

"आणि आपली बारीकसारीक मंडळी?" एका चितळाने विचारले. "ससे, तित्तिर, टिटव्या?"

"ती आपलीच आहेत. जातील कुठे? लांडग्याच्या काठावर?"

सगळे हसले. सांबरही हसला, कारण बोलणे खोटे नव्हते.

मग सांबर रोज टेकडीवर जाऊ लागला. कोल्ह्यांची कोल्हेकुई आपल्याला लहानपणापासून आवडते, असे तो त्यांना म्हणाला. त्यांची पिल्ले किती गुणी, तेही म्हणाला. वाटेत खड्यांचा पट्टा लागे, पण तिथून जायला वेळ नसल्यामुळे तो वरच्या वाटेने जाई. आणि एके सकाळी वानराने उंबरावरून जाहीर केले, की सांबर निवडून आल्यास यापुढे कोल्ह्यांनाही खड्यांच्या पट्ट्यावर जाता येईल. फक्त फिरायला.

"फक्त फिरायला म्हणजे काय हो?" टिटवीने आपल्या नवऱ्याला विचारले.

"फिरायला म्हणजे फिरायला. तुला सगळीकडे कोल्हेच दिसतात."

"आता दिसणारच आहेत."

टिटवा अंड्यांवर बसला आणि टिटवी उंबराकडे निघाली. वाटेत दोनदा तिला वाटले की परत फिरावे. इतकी मोठी मंडळी, सगळ्या बाजूंनी विचार करून ठरवत असतील. आपल्याला पुढचे काय कळते? तरी ती गेली. उंबराखाली सांबर रवंथ करत उभा होता आणि वर वानर होता.

"सांबरकाका, पट्ट्याचं ऐकलं ते खरं का?"

"टिटवीबाई, बसा," वरून वानरच बोलला. "खरं आहे, पण तुम्ही मनावर घेऊ नका. त्या बोलण्याची गरज होती."

"कोल्हे अंडी खातात."

"सगळे नाही खात."

"मग एवढं तरी सांगा त्यांना, की पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबा. फार दिवस राहिलेले नाहीत."

"आत्ता हा विषय काढला तर कोल्हे बिथरतील. निवड होऊ द्या, मग बघू."

"आणि आम्ही बिथरलो तर?"

"तुम्ही कशाला बिथराल? तुम्ही घरच्या." वानर दोन फांद्या खाली आला. "राग मानू नका, पण टिटव्या फार ओरडतात असं टेकडीवर बोललं जातं. आत्ता थोडे दिवस आवाज कमी ठेवलात, तर आपल्यालाच बरं."

टिटवीने सांबराकडे पाहिले. सांबर वाईट नव्हता. त्याने रवंथ थांबवला आणि मायेनेच म्हटले, "काळजी करू नकोस, पोरी. लांडगा येण्यापेक्षा तर बरं ना?"

बरे होतेच. याला उत्तर नव्हते, आणि त्यांना ते ठाऊक होते, हेच टिटवीला परत येताना टोचत राहिले.

निवडीच्या आदल्या दुपारी करवंदीच्या जाळीत लहान जनावरे जमली. ससा कान पाडून बसला होता.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. "या काठावर नाही आणि त्याही काठावर नाही. तहानलेला राहीन."

"मग लांडगा येईल," टिटवी म्हणाली.

"माहीत आहे."

"संध्याकाळची पाळी जाईल."

"तेही माहीत आहे गं. दर वेळी आपल्याला हेच सांगतात, लांडगा येईल, लांडगा येईल. आपल्यासाठी काय करणार ते कुणी सांगतच नाही. भीती तेवढी आपल्या वाट्याला आणि गोड बोलणं कोल्ह्यांच्या."

"आणि आता दोघांत फरक तरी काय उरला?" तित्तिर म्हणाला. "पट्टा तोही मोकळा करणार, हेही करणार."

"फरक आहे," टिटवी म्हणाली. "पाळी राहील. आणि पट्ट्यावर कोल्हा आला आणि मी ओरडले, तर सांबरकाकांना निदान लाज वाटेल. लांडग्यापुढे कुणासाठी ओरडायचं?"

"लाजेवर पिल्लं वाढवणार का तू?" साळिंदर म्हणाले. "माझं बीळ खोल आहे. राखणदार कोण का होईना."

"माझं नाही," टिटवी म्हणाली.

साळिंदराने मान फिरवली. सशाने पायाने माती उकरली आणि परत सारखी केली.

"तुझं बरोबर आहे," तो अखेर म्हणाला. "पण त्या काठाकडे माझे पायच उचलत नाहीत. मी काय करू?"

टिटवीला त्याच्यावर रागावता आले नाही. तिचे स्वतःचे पाय तरी कुठे उचलत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली मात्र. उडत नाही, चालत गेली. सांबराच्या काठावर जाऊन तिने चोच पाण्याला लावली, पोटाची पिसे भिजवून घेतली आणि बाजूला उभी राहिली. "आली बघा," वानर चितळांना म्हणाला. "म्हटलं नव्हतं? आपली माणसं येतातच." मग तो इतरांची वाट पाहू लागला. ऊन वर चढले. गवतात ससे होते, त्यांचे कान दिसत होते, पण ते जागचे हलले नाहीत. तित्तिर आले नाहीत, साळिंदर तर बिळातून बाहेरच पडले नाही.

कोल्हे मात्र आले. टेकडीवरून रांगेने उतरले आणि थेट सांबराच्या काठावर आले. वानर आनंदाने फांदीवर उभा राहिला. "रामराम, काका," पुढचा म्हातारा कोल्हा सांबराला म्हणाला. "तब्येत बरी ना?" सगळ्यांनी सांबराची विचारपूस केली. मग त्यांनी तळ्याला वळसा घातला आणि लांडग्याच्या काठावर जाऊन ते पाणी प्यायले.

"अहो, असं काय करता?" चितळाने ओरडून विचारले. "आम्ही तुमच्यासाठी पट्टा मोकळा करणार होतो."

"तुम्ही चांगलं बोललात, आम्हाला बरं वाटलं," म्हातारा कोल्हा तिथूनच म्हणाला. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. "पण पट्टा तुम्हीही देणार आणि हाही देणार. मग आपल्या ओळखीच्याकडून घ्यावा."

कासवाने पाण्यातून डोके वर काढले. ते कधीच फार बोलत नसे. "लांडग्याकडं तोंडं जास्त," असे म्हणून ते परत खाली गेले.

"सशांनी घात केला," वानर म्हणाला.

त्याच संध्याकाळपासून पाळी बंद झाली. सूर्य मावळायच्या आतच कोल्हे पट्ट्यावर आले. टिटवीने त्यांना पाहिले, तशी ती अंड्यांपासून दूर पळाली आणि पंख मोडल्यासारखा लोंबता ठेवून फरपटत चालू लागली. कोल्ह्याला आपल्यामागे लांब न्यायची टिटव्यांची ही जुनीच युक्ती आहे. एक कोल्हा तिच्यामागे गेला. पण एकच गेला. बाकीचे नाक जमिनीला लावून खड्यांतून फिरत राहिले. टिटवा त्यांच्या डोक्यांवर झेपा घेत होता आणि जीव तोडून ओरडत होता. त्याचे ओरडणे तळ्यावर सगळ्यांना ऐकू गेले. टिटवी परतली तेव्हा खळग्यात टरफले होती, आणि त्यातले काही अजून ओले होते.

सकाळी ससा आला. तो बराच वेळ लांबच थांबला होता.

"मी आलो असतो तरी काही झालं नसतं ना गं?" त्याने विचारले.

"तुझ्या एकट्याने काही झालं नसतं."

"आणि आम्ही सगळे आलो असतो तर?"

टिटवीने एक टरफल चोचीने बाजूला सारले. ससा थोडा वेळ तिथेच बसला. मग गवतात निघून गेला, आणि त्या दिवशी तो काहीच चरला नाही.

खुरवाल्यांनी तळे सोडायचे ठरवले. डोंगराच्या पलीकडे एक झरा होता. लांब होता, पण सांबरांचे पाय लांब असतात आणि चितळांचे वेगवान. निघण्यापूर्वी सांबर एकटाच खड्यांच्या पट्ट्यावर आला. वानर बरोबर नव्हता. टिटवी पाण्याच्या कडेला उभी होती. पोट भिजवून परत जाण्यासारखे तिच्याकडे आता काही नव्हते, तरी सवयीने ती पाण्यात शिरली होती.

"मला वाटलं होतं, तुम्ही आमच्याच आहात," सांबर म्हणाला. तो चिडून बोलत नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हते.

"होतोच आम्ही तुमच्या, काका. म्हणून तर विचारायला आले होते."

सांबराने मान खाली घातली. त्याने पायाखालच्या खड्यांकडे पाहिले, मग उजवीकडे, मग डावीकडे. सगळीकडे सारखेच खडे होते. इतकी वर्षे तो या तळ्यावर पाणी पीत होता, पण इथे येऊन कधी उभा राहिला नव्हता.

"कुठे होतं तुझं घरटं?" त्याने विचारले.

"तुम्ही उभे आहात तिथेच."

सांबराने हळूच पाय उचलला. पण तो कुठे ठेवावा, हे त्याला समजेना.

तात्पर्य : जो आपल्यांना गृहीत धरून परक्यांच्या मागे लागतो, त्याच्याकडे शेवटी दोघांपैकी कोणीच उरत नाही, आणि आपण रुसून घरी बसलो, तर त्या रुसण्याची किंमत बहुधा आपल्याहून लहान असलेल्याला मोजावी लागते.