शेजाऱ्यांची नावं

एका देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक महिन्यावर आली होती. खुर्चीवरच्या गजेंद्ररावांना लोकांचा कौल आधीच हवा होता. पण सरकारी माणसांपुढे कोणी मनातलं बोलेना, म्हणून त्यांनी घरोघरी बांगड्या भरणाऱ्या म्हाताऱ्या हैबती कासाराला या कामाला लावलं.

पंधरा दिवसांनी हैबती परतला. "साहेब, हजार घरं फिरलो. तुमचं मत कुणाला, असं विचारलं, तर सगळी म्हणाली, साहेबांनाच."

गजेंद्रराव खुलले.

"मग विचारलं, शेजारच्यांचं कुणाला? तर नऊशे घरं म्हणाली, ते काही साहेबांना देत नाहीत."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे लोक माझे आहेत, फितूर झालेत ते शेजारी. त्यांची नावं दे, उद्याच एकेकाला आत टाकतो. नाही दिलीस, तर आधी तू आत."

हैबतीनं उठून कोपऱ्यातला मतदार यादीचा गठ्ठा सावकाश ओढत साहेबांपुढे आणला.

"ही घ्या नावं. यातला जो तो कुणाचा ना कुणाचा शेजारीच आहे, साहेब."

गजेंद्रराव गठ्ठ्याकडे बघत राहिले. एवढी माणसं मावतील असा तुरुंग त्यांच्या देशात नव्हता.