चिंगुलीच्या दारावर चाक

घाटाच्या पायथ्याशी एक बीळ होतं. बिळाला एकच दार. आत राहायची चिंगुली उंदरी आणि तिची तीन पिल्लं.

एकदा चिंगुली शेंगदाणा आणायला गेली. तुरु तुरु गेली, तुरु तुरु आली. बघते तर काय! दारच नाही! दारावर भलंमोठं चाक. चाकावर भलामोठा ट्रक. आणि आतून आवाज, "चूं... आई... चूं..."

चिंगुली म्हणाली, "ट्रकदादा, ट्रकदादा, पुढे हो ना! माझी पिल्लं आत."

ट्रक म्हणाला, "फुस्स! पाठीवर विटा, पुढे चढण. माझ्या पोटातला टर्बो हवा ओढतो, तेव्हा मला जोर येतो. टर्बो फिरेना, मी हलेना. जा!"

तुरु तुरु तुरु. चिंगुली ट्रकच्या पोटात शिरली.

"टर्बोभाऊ, टर्बोभाऊ, फिर ना!
टर्बो फिरेना,
ट्रक हलेना,
पिल्लं मला भेटेनात!"

टर्बो म्हणाला, "खर्र खर्र! फिरू कसा? माझी पाती घासली, माझा दांडा हलतोय. मिस्त्री जोडेना, मी फिरेना. जा!"

तुरु तुरु तुरु. रस्त्याकडेला उस्मान मिस्त्रीची पत्र्याची शेड.

"चाचा, चाचा, टर्बो जोडा ना!
मिस्त्री जोडेना,
टर्बो फिरेना,
ट्रक हलेना,
पिल्लं मला भेटेनात!"

चाचा आले. टर्बो उघडला. दांडा हलवून पाहिला, लटपट लटपट. नळीत हात घातला. नळीच्या मागोमाग वर गेले, वर गेले, थेट ट्रकच्या नाकापाशी. नाकावर लाल खण बांधलेला! घट्ट गाठ!

"अरे देवा! नाक बांधलं तर श्वास कुठून घेणार? हवा मिळेना, म्हणून टर्बो तेल पीत बसला नि मेला. मी नवा जोडीन, तोही मरेल. आधी भिकाजी ड्रायव्हरला गाठ सोडू दे. जा!"

आणि बोलता बोलता चाचांनी चिंगुलीनं खाली ठेवलेला शेंगदाणा उचलला नि तोंडात टाकला. कुडुम! त्यांना कळलंसुद्धा नाही.

तुरु तुरु तुरु. भिकाजी दगडावर बसून भाकरी खात होता.

"भिकाजीमामा, गाठ सोड ना!
भिकाजी सोडेना,
मिस्त्री जोडेना,
टर्बो फिरेना,
ट्रक हलेना,
पिल्लं मला भेटेनात!"

भिकाजी म्हणाला, "ए चिमखडे, मलाच घरी जाता येईना, तुझं काय घेऊन बसलीस? गाठ आईची आहे, नवसाची. मी हात लावला तर आई मला घरात घ्यायची नाही. आई सोडेना, मी सोडेना. जा!"

बिळातून आवाज आला, "चूं..." अगदी बारीक.

तुरु तुरु तुरु. पहिल्या वळणावर भिकाजीच्या आईचं, अनुसयाआजीचं घर. आजी वाघजाईपुढे दिवा लावत होती.

"आजी, आजी, गाठ सोड ना!
आजी सोडेना,
भिकाजी सोडेना,
मिस्त्री जोडेना,
टर्बो फिरेना,
ट्रक हलेना,
पिल्लं मला भेटेनात!"

आजी म्हणाली, "नाही गं बाई. ट्रक निघाला तेव्हा वाघजाईला बोललेय मी. ट्रक सुखरूप दारात आला, की माझ्या हातानं गाठ सोडीन. तोवर उपास. ट्रक दारात येईना, मी सोडेना. जा!"

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. चिंगुली उंबऱ्यावर बसली. ती म्हणाली,

"ट्रक दारात आलाय, आजी. तुझ्या नाही. माझ्या. दारावरच उभा आहे. आत तिघं आहेत."

आजीच्या हातातली वात थांबली. तिनं देवीकडे पाहिलं.

"आई वाघजाई, तू काय माझ्या एकटीच्याच दाराची आहेस होय?"

आणि आजी काठी घेऊन निघाली. टक टक टक.

आजीनं गाठ सोडली. खण निघाला.
मिस्त्रीनं नवा टर्बो जोडला. खट खट.
टर्बो फिरला. सुंईईई!
ट्रक हलला. घर्र घर्र घर्र!
आणि दार उघडलं.

ट्रक घाट चढून गेला. त्यानं मागे पाहिलं नाही. जाता जाता भिकाजीनं पेढे वाटले. चाचांना दिला, आल्यागेल्याला दिला. चिंगुलीला द्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

चिंगुली आत शिरली. एक पिल्लू, दोन पिल्लं... तिसरं हलेना! चिंगुलीनं त्याला चाटलं. पुन्हा चाटलं. "चूं," ते म्हणालं. "आई, एवढा उशीर?"

तिनं तिघांना पोटाशी घेतलं.

तेवढ्यात दारात टक टक. आजी होती. तिनं उपासाचे दाणे बिळापाशी ठेवले, सगळेच्या सगळे. शेजारी लाल खण ठेवला. "चुकलं गं माझं," आजी म्हणाली.

सगळ्यांत एकटी तीच म्हणाली.

खण धुरानं काळा झाला होता. पण ऊबदार होता. चिंगुलीनं तो आत ओढला. सर्र सर्र सर्र. त्यावर तिन्ही पिल्लं निजली. पोटं भरलेली.

त्यांनी डोळे मिटले. आता तूही मीट.