बसायची गिटार

महाराज रणधवलराव गिटारीवर बसले आणि गिटार मोडली. एका गोऱ्या पाहुण्याने भेट दिलेलं ते वाद्य गादीवर ठेवलं होतं. आता महाराजांनी न बघता बूड टेकलं असं कोण म्हणणार? तेव्हा दोष वाद्याचा ठरला.

"असलं लेचंपेचं वाद्य आमच्या दरबारात चालायचं नाही!" महाराजांनी सतारी बनवणाऱ्या फरीदचाचांना फर्मावलं. "नवं करा! आम्ही बसलो तरी मोडता कामा नये आणि वाजवलं तर दिवाणखाना घुमला पाहिजे. नाही जमलं तर दुकानाला टाळं, आणि तुम्ही संस्थानाबाहेर!"

गिटारीच्या वरच्या पातळ फळीला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार असतो. फरीदचाचांनी जाड पट्ट्या लावल्या. महाराज ऐसपैस बसले, पण तार छेडली तर धान्याची पेटी ठोकल्यासारखा आवाज! मग पट्ट्या बारीक केल्या. आवाज फार गोड निघाला, महाराज बसेपर्यंत.

"आता शेवटची संधी," दिवाणजी म्हणाले.

फरीदचाचा घरी आले आणि हत्यारं बांधायला लागले. त्यांची लेक जैबून खिडकीशी उभी राहून ते बघत होती. या वयात अब्बा परक्या गावात कुणाच्या दारात उभे राहणार? तिने बाहेर तोंड फिरवलं. समोरच्या देवळापाशी महाराजांची पालखी टेकली होती. महाराज दर्शनाला आत, आणि भोई पारावर तंबाखू मळत गप्पा हाणत बसलेले. जैबून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अब्बा, गाठोडं सोडा. मला चार खुंट तासून द्या!"

पुन्हा बारीक पट्ट्यांचीच नवी गिटार दरबारात आली. जैबूनने ती जमिनीवर ठेवली. महाराज बसले. तारा टोचल्या, पण चारचौघांत बोलायची सोय नव्हती. गिटार जागची हलली नाही.

"आता वाजव!"

"आधी उठा तर, सरकार."

महाराज उठले. जैबूनने तारा जरा बाजूला सारून गिटारीच्या भोकातून हात घातला आणि आत उभे केलेले चार ठेंगणे खुंट एकेक करून बाहेर काढले. मग तार छेडली. दिवाणखाना घुमला!

"लबाडी! आधारच काढून घेतला!" दिवाणजी ओरडले.

"सरकार पालखीत बसतात तेव्हा भोई खांदा देतात," जैबून म्हणाली. "सरकार उतरले की भोई गप्पा मारतात. उतरल्यावरही खांद्यावर दांडा राहिला, तर त्यांच्या तोंडून शब्द तरी फुटेल का?"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि आत्ता आम्ही बसलो तर?"

"मोडेल, सरकार. पण वाजत्या गिटारीवर कोण बसतं?"

सगळा दरबार छताकडे बघायला लागला. महाराजांचे खांदे आधी नुसतेच हलले, मग हसू फुटलं. "वा, पोरी! काय हवं ते माग!"

"अब्बांचं दुकान राहू द्या. आणि भिंतीत एक खुंटी ठोकून द्या."

"खुंटी कशाला?"

"गिटार टांगायला, सरकार. गादीपासून लांब."

महाराज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुकान राहिलं, वर हातातलं सोन्याचं कडं मिळालं, आणि खुंटी महाराजांनी स्वतः उभं राहून ठोकून घेतली, चांगली उंच.