चुळबुळा मध

एक होता राजा. पण गोष्ट काही त्याची नाही, बरं का. राजाने एवढंच केलं, की गावाबाहेरच्या माळावर नवा बाजार बसवला आणि दवंडी पिटवली. दर शुक्रवारी बाजार! ज्याने पिकवलं त्यानेच विकायचं, मधे दलाल नको. चांगलं केलं की नाही? राजे कधीकधी चांगलंही करतात.

तिथल्या डोंगरात राहायची नवशी. ती रानातला मध काढायची. तिला एक लेक होती, ठमी. चार वर्षांची, गुबगुबीत. आईच्या मांडीवर बसली की हलायची नाही. नवशीला सगळ्या जगात तेवढंच एक माणूस होतं.

आता मध काढायचीही रीत असते हो. झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं असतं. त्यातला मधाचा भाग तेवढा कापायचा, बाकीचं माश्यांना ठेवायचं. पिल्लं असतात ना त्यात! मग ढोलीचं तोंड शेणामातीने लिंपायचं, येण्याजाण्यापुरतं बोटाएवढं भोक ठेवायचं, आणि मगच घरी यायचं. नवशीची आई तसंच करायची, आजी तसंच करायची.

पण पहिल्या बाजाराच्या दिवशी नवशीला झाली घाई. मोक्याची जागा दुसरीनेच धरली तर? आणि मडकं तर अर्धंच भरलेलं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मग तिने काय केलं? कुऱ्हाडीने ढोलीचं तोंड हे एवढं मोठं केलं, सगळंच्या सगळं पोळं ओढून काढलं, पिळलं, मडकं काठोकाठ भरलं आणि निघाली पळत. लिंपायचं राहिलं. म्हणाली, आल्यावर लिंपू. आल्यावर लिंपलं का? छे! तुम्ही तरी आल्यावर पाय धुता का?

बाजारात मडकं मांडलं, पण मडकं काही गप्प बसेना. इकडे ठेवलं की तिकडे सरके. आधी आला शिंपी. त्याने मध चाटला, मग दुकानात जाऊन बसला, आणि उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. सुई एकीकडे, शिंपी एकीकडे. मग आले पंतोजी. त्यांनी चाटला. पोरांना म्हणाले "बसा", आणि स्वतः शाळेभोवती फेऱ्या घालायला लागले. मग आला राजा. त्याने चांगला वाटीभर खाल्ला. सिंहासनावर टेकला आणि टुणकन उठला. मग जो चालत सुटला तो सुटलाच! मागे छत्री धरणारा धापा टाकतोय.

हसलात? हसा. पण आता पुढचं ऐका. मडक्यावरून एक ओघळ आला होता, तो ठमीनेही चाटला होता.

पोर बसेना. पोर निजेना. पहिल्या दिवशी कुंपणापर्यंत गेली. नवशीने उचलून आणली, मांडीवर घट्ट धरली, तर माशासारखी निसटली. दुसऱ्या दिवशी ओढ्यापर्यंत गेली. मग नवशीने तिला पदराने कमरेला बांधलं, तर गाठ सोडून पळाली. तिसऱ्या दिवशी दाराला अडसर घातला, तर कुडाच्या फटीतून बाहेर! पार घाटापर्यंत गेली. पाय ठेचाळले, डोळे लाल झाले.

"कुठं चाललीस गं माझे बाय?"

"घरी."

"अगं, घर हे काय इथं!"

"हे नाय."

नवशीला वाटलं, आज घाट, उद्या घाटाखाली, परवा दिसायचीसुद्धा नाही. ती खूप रडली बिचारी. मग चौथ्या दिवशी सकाळी तिने ठमीला धरलंच नाही. म्हणाली, जा. आणि आपण मागोमाग निघाली.

ठमी गेली थेट त्या झाडापाशी. ढोलीत डोकं घातलं आणि परत फिरली. आत वारा घोंघावत होता. वर उघड्या फांदीवर माश्या नुसत्या लोंबकळत होत्या, घर नसलेल्या. आणि झाडाभोवती कोण फिरत होतं ठाऊक आहे? शिंपी, पंतोजी आणि राजा!

राजा फिरता फिरता ओरडला, "बाई, काय घातलंस गं मधात?"

नवशीने मान खाली घातली. म्हणाली, "घातलं कायबी न्हाई महाराज. लिंपायचं राहिलं."

मग तिने घरून उरलेलं मेण आणि मध आणून ढोलीत ठेवला. राजाला म्हणाली, माती आणा. पाय तर थांबत नव्हतेच, मग राजाने माती वाहिली, पंतोजींनी शेण, शिंप्याने ओढ्याचं पाणी. नवशीने ढोलीचं तोंड लिंपलं, बोटाएवढं भोक ठेवलं. मग एक माशी आत गेली. मग दुसरी. मग सगळा थवा. शेवटची माशी आत गेली मात्र, राजा बदकन चिखलात बसला आणि म्हणाला, अहाहा!

आणि ठमी? ठमी आली, आईच्या मांडीवर बसली आणि झोपली. एक दिवस झोपली, दोन दिवस झोपली, तीन दिवस झोपली. शुक्रवार उजाडला. माळावर ढोल वाजला. वाटेवरून बायांनी हाका मारल्या, "नवशे, ऊठ गं, जागा जाईल!" नवशीने ओठांवर बोट ठेवलं. पायाला मुंग्या आल्या होत्या, पण ती हलली नाही. जागा गेली तर जाऊ दे म्हणाली.

मग माश्या सुखात राहिल्या, ठमी सुखात राहिली, राजाही राहिला. आता मिटा डोळे. दिगू, तू राहू दे माझ्या मांडीवर डोकं. आल्या मुंग्या तर येऊ देत. नीज.