हाराखालची गाठ

ऐका रे बाळांनो, आणि आजोबा, तुम्हीही डुलक्या आवरून ऐका! गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात राजानं एक मनोरा बांधायला काढला. मनोरा कसला, ढगांशी गप्पा मारणारा! कामावर मुकादम होता केरूबा. उभे-आडवे बांबू अंबाडीच्या दोरानं बांधून तो अशी उंच परांची रचायचा, की गवंडी तिच्यावर सरसर चढत आणि भिंत बांधत वर वर जात.

या गवंड्यांची एक रीत होती. परांची बांधली, की तिच्या गाठीगाठीला झेंडूचा हार घालायचा. एकदा हार चढला, की काम संपेपर्यंत गाठीला हात लावायचा नाही. हात लावणं म्हणजे देवावर संशय घेणं! हार सुकला तर अपशकुन, म्हणून त्यावर रोज पाणी शिंपडायचं. ते काम केरूबा स्वतः करायचा, अगदी भक्तिभावानं.

अखेर कलश चढवायचा दिवस उजाडला. अहो, काय तो थाट! सनई वाजतेय, नगारे दणाणतायत, सारा गाव मनोऱ्याभोवती लोटलाय. केरूबाचा धाकटा भाऊ निंबा खांद्यावर कलश घेऊन टोकाला पोहोचला, तेव्हा केरूबाची छाती अभिमानानं भरून आली.

इतक्यात केरूबाची बायको तुळसा रिकामं घमेलं घेऊन परांचीवरून उतरली. तिचा चेहरा उतरला होता.

"धनी, खालचा आडवा बांबू पायाखाली सरकला. हार काढून गाठ बघा."

"अगं, वेड लागलं का तुला? राजाची पालखी समोर आलीय, आणि मी हाराला हात लावू?"

"देव रागावला तर मी बघते त्याच्याकडे! वर आपला निंबा आहे."

केरूबानं वर पाहिलं. निंबा हसत हात हलवत होता. डोळे मिटून त्यानं हार ओढला, आणि हाराबरोबर दोराचा काळा, कुजका लगदाच हातात आला! रोजच्या पाण्यानं दोर सडला होता, आणि वरची फुलं मात्र टवटवीत होती. त्यानं दुसरा हार तोडला. तिथंही तेच!

"खाली या! सगळे खाली या रे!" केरूबा जिवाच्या आकांतानं ओरडला.

"खबरदार!" पालखीजवळचा प्रधान गरजला. "मुहूर्त टळला तर तुझी मुकादमकी गेली!"

"जाऊ दे मुकादमकी!" म्हणत केरूबानं त्या बांबूला खांदा लावला. तुळसानंही लावला. गवंडी धडाधड उतरू लागले. निंबा मात्र वरून ओरडला, "दादा, थांब की जरा! हा बसवलाच कलश!"

"टाक तो कलश! जिता खाली ये, गाढवा!"

भावाचा असला आवाज निंबानं जन्मात ऐकला नव्हता. कलश फळीवर ठेवून तो घसरत, खरचटत खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागताच तिघंही जीव खाऊन पळाले. मागे कडकड आवाज झाला आणि अख्खी परांची भुईसपाट! धूळ बसली, तेव्हा सोन्याचा कलश चेपून पडलेला दिसला.

केरूबानं निंबाच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून दिली, आणि मग त्याला मिठी मारून सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

राजा पालखीतून उतरला. केरूबा हात जोडून म्हणाला, "महाराज, मुहूर्तही गेला आणि कलशही गेला. दोर माझ्याच हातच्या पाण्यानं सडला. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

राजानं धुळीनं माखलेल्या गवंड्यांकडे पाहिलं. कुणी कपाळ चोळत होतं, कुणी बायकोला शोधत होतं, पण होते सगळे.

"कलश नवा घडवता येईल, मुकादम," राजा म्हणाला. "परांची पुन्हा बांध. आणि प्रधानजी, यापुढं परांचीवर चढणाऱ्यानं 'उतरा' म्हटलं, की माझा मुहूर्तसुद्धा थांबेल."

तेव्हापासून त्या राज्यात गवंडी हार परांचीच्या पायथ्याशी वाहू लागले. गाठी उघड्या राहिल्या, आणि चढण्याआधी प्रत्येक जण त्या ओढून बघू लागला. पुढं एका साध्याशा दिवशी निंबानं नवा कलश बसवला, आणि संध्याकाळी सगळे गवंडी आपापल्या घरी जेवायला गेले.

तात्पर्य : देवापुढं हात जरूर जोडावेत, पण आधी त्याच हातांनी गाठ ओढून पाहावी.