नव्व्याण्णव वर्षांचा साक्षीदार

“शिवेचे दगड साठ पावलं खाली सरकवलेत, साहेबाला पत्ता नाही. झरा आता बंगल्याच्या हद्दीत! शंभर वर्षांपूर्वीचं सांगायला उरलंय कोण?”

रंगोपंत कारकून शिपायाला खिदळत सांगत होता. घाणेरीच्या जाळीमागे मी चाकासाठी माती खणतेय, हे त्याला दिसलं नाही.

डोंगरमाथा राजेसाहेबांनी गोऱ्यांना नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला. मुदत सरली, पट्टा नवा होणार, आणि झरा गेला की कुंभारआळीची चाकं थांबणार! माझं ऐकून मामंजी बंगल्यातल्या टर्नबुल साहेबाकडे धावले. पण साहेब रंगोपंताच्याच कानांनी ऐकणारा.

“साक्षीदार आणा,” तो म्हणाला. “पहिला दगड रोवताना हजर असलेला! ज्याने ना माझं मीठ खाल्लंय, ना तुमचं! शनिवारपर्यंत. नाहीतर झरा माझा.”

“असा माणूस काय यमाकडून मागून आणायचा?” आत्याबाईंनी कपाळ बडवलं. मी त्यांच्या कानाशी लागले. त्यांचे डोळे हे एवढाले झाले.

“अगं बया! आणि इतका वेळ भाकऱ्या थापत बसलीस?”

शनिवारी साहेबाने विचारलं, “कुठाय साक्षीदार?”

“फार म्हातारा आहे, साहेब. जागचा हलत नाही,” मामंजी म्हणाले. “आपणच चलावं.”

झऱ्याखालचा दगड उपटला. खाली तांबडी माती आणि एक चिडलेला विंचू. मग मामंजींनी साठ पावलं वर मोजून हिरड्याच्या बुंध्याशी कुदळ घातली. हातभर खाली कोळसा आणि खापऱ्यांचा थर!

“शिवेचा दगड रोवण्याआधी खड्ड्यात हे पुरतात, साहेब. कुजत नाही. सुनेच्या माहेरी अजून पुरतात. इथं शंभर वर्षांत नवा दगडच रोवला नाही, म्हणून आम्ही विसरलो. आणि मीठ म्हणाल, तर या साक्षीदाराने कुणाचंच खाल्लेलं नाही!”

“काल पुरलं असेल!” रंगोपंत उसळला. “कुंभाराला खापऱ्यांचा काय तोटा?”

आत्याबाईंनी मला कोपर हाणलं. मी खड्ड्यात उतरले, माती झटकली. एका फुटक्या मडक्याच्या गळ्यातून हिरड्याचं मनगटाएवढं मूळ आरपार गेलं होतं, आवळून बसलं होतं.

“खापऱ्या काल पुरल्या असतील, पंत. पण हे मूळ कुणी ओवलं? तुम्ही ओवून दाखवा, सुई आम्ही देतो!”

साहेब असा हसला की त्याची टोपी खड्ड्यात पडली! तिथेच त्याने पट्ट्यावर लिहिलं: चाकं फिरतात तोवर झरा कुंभारांचा. रंगोपंताच्या डोक्यावर तो उपटलेला दगड दिला आणि त्याला साठही पावलं वर चढवलं.

“आता तू माग, काय हवं ते!” साहेब डोळे पुसत म्हणाला.

सगळी कुंभारआळी माझ्याकडे बघत होती. मी पदर सावरला.

“नवे दगड रोवाल तेव्हा आम्हाला बोलवा, साहेब. इथल्या दगडांना पाय फुटतात!”