सुळक्याचं तिसरं नाव

डोंगरांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. सह्याद्रीत एक उंच सुळका होता. समुद्रावरून आलेले ढग त्याला अडून कोकणात कोसळत, म्हणून कोकणातले लोक त्याला ‘रडका’ म्हणत. पलीकडे घाटावर जेमतेम चार सरी पोचत. तिकडे त्याचं नाव ‘कवडीचुंबक’.

दोन्ही नावं ऐकून सुळका पार विटला. एका वैशाखात तो म्हणाला, “नकोच ती कटकट! मी वाकतो, ढगांनी खुशाल पलीकडे जावं.” तो कमरेतून वाकू लागला, तसे चार धोंडे गडगडले.

“अहो बाबा, थांबा!” खालच्या खिंडीतून एक म्हातारी मेंढी ओरडली. बिरू धनगराचा कळप कोकणातून घाट चढत होता. “मुसळधार पावसात आमचे खूर कुजतात. म्हणून पावसाळाभर आम्ही तुमच्या पाठीमागच्या कोरड्या रानात राहतो. तुम्हीच वाकलात, तर आम्ही जायचं कुठं?”

सुळका चपापला. “तुम्ही मला काय म्हणता गं?”

“आमचा बिरू म्हणतो, ‘आडोसा’.”

सुळक्यानं केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला आणि तो पुन्हा ताठ उभा राहिला.

कळप पलीकडे उतरला, तोवर ढग आलेच. खाली कुणीतरी ओरडलं, “रडका भरून आला रे!”

सुळक्यानं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच तो मनसोक्त रडला.